चालत्या मशीनचा निरोप

"मी त्याला बोलावणार नाही," बाबा म्हणाले.

"बोलावणार नाही," आत्याने परत म्हटलं. "बरं. कळलं. आणि मग पुढे?"

या घराची ही खोडच होती. ज्या माणसाने पॉवरहाऊसमध्ये उभी हयात काढली, त्याच्या घरात दुसरं काय होणार? तिथे फोनवरून ऑर्डर आली की ऐकणाऱ्याने ती शब्दन् शब्द परत म्हणायची, पलीकडून 'बरोबर' आलं की मगच कशाला हात लावायचा. बाबांनी ही शिस्त टिफिनच्या डब्याबरोबर रोज घरी आणली. "मीठ आण" म्हटलं की "मीठ आणते" असं म्हणूनच पोर उठायची. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, सासरी सगळ्यांना कमी ऐकू येतं. बिचारी पहिले कितीतरी दिवस ओरडून बोलायची.

तीच सून आज समोर बसली होती, मांडीवर बाळ घेऊन. एकटी आली होती, बस बदलत बदलत, आणि आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता तिने सांगून टाकलं होतं. "ह्यांची बदली झालीय, बाबा. पार दुसऱ्या टोकाच्या ऑफिसात. पुढच्या आठवड्यात सामान जाईल. तिथून वर्षातून एकदा येणं झालं तरी खूप. जायच्या आधी एकदा या घरात जेवून जावं, एवढंच त्यांच्या मनात आहे. पण बोलावल्याशिवाय यायचे नाहीत. तुमचाच मुलगा."

शेवटचं वाक्य तिने बाळाच्या टोपड्याकडे बघत म्हटलं होतं.

थोरलीने, बाबांच्या मोठ्या मुलीने, भाजीचं भांडं उगाचच इकडून तिकडे सरकवलं. हा सगळा घाट तिनेच घातला होता. सुनेला बाळ घेऊन ये म्हणून तिने सांगितलं होतं, आत्याला कुमक म्हणून तिनेच बोलावलं होतं. मामाला मात्र कोणी बोलावलं नव्हतं. त्याला जेवणाचा वास दहा कोसांवरून येतो. आता पॉवरहाऊसमध्ये तीच नोकरीला होती, आणि दुपारची शिफ्ट लागण्याआधी बाबांच्या तोंडून एकच वाक्य तिला हवं होतं, 'त्याला ये म्हणावं.' ते आज निघालं नाही तर पुन्हा निघणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. धाकटा भाऊ जाईल, बाबा थकतील, आणि मग एखाद्या दिवशी फोन येईल तेव्हा बोलायला दोघांपैकी एकच उरलेला असेल. या विचाराने तिला अलीकडे जेवण जात नव्हतं.

"बाबा, तुम्ही काही म्हणू नका, फक्त मान हलवा. मी फोन करते," ती म्हणाली.

"मान हलणार नाही."

"मानेला वंगण घाला जरा," आत्या म्हणाली. ती बाबांची मोठी बहीण, त्यामुळे तिच्या जिभेला लगाम घालणारं माणूस घरात उरलं नव्हतं. "किती वर्षं धरून बसणार आहेस? एक मशीन बंद कर म्हणाला पोरगा. शिवी दिली का? घराबाहेर काढलं का तुला?"

"ते असं नाही हो," मामा घास गिळत म्हणाला. "भावजींचं दुःख वेगळं आहे. तिथली रीत आहे ना ती."

रीत होती खरी. कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही, पण धरण बांधलं तेव्हापासूनची. पॉवरहाऊसमधला माणूस निवृत्त होतो तेव्हा तो चालतं मशीन सोडून जातो. शेवटच्या शिफ्टला मशीनच्या अंगावर हात ठेवायचा, ती थरथर तळव्यात घ्यायची, पुढच्या माणसाला म्हणायचं 'चालतं आहे, सांभाळ', आणि मागे न बघता बाहेर पडायचं. आजोबांनी, म्हणजे बाबांच्या वडिलांनी, याच धरणाच्या भिंतीला फळ्या ठोकल्या होत्या आणि मग पहिल्या युनिटवर ऑइलवाला म्हणून लागले होते. तेही असेच बाहेर पडले. बाबांच्या वेळेला सगळं घर पॉवरहाऊसच्या दारात उभं होतं. आईने नवी साडी नेसली होती. एकच मशीन चालू होतं, युनिट दोन. बाबा हात ठेवायला निघाले आणि फोन वाजला. लोड डिस्पॅचवरून, म्हणजे शहरातल्या त्या ऑफिसातून जिथे बसून सगळ्या भागाच्या विजेची तोंडमिळवणी करतात, तिथून ऑर्डर आली. विजेला मागणी नाही, युनिट दोन बंद करा.

आणि आवाज धाकट्याचा होता.

बाबांनी ऑर्डर परत म्हटली, 'युनिट दोन बंद करतो,' आणि बंद केलं. मशीन कण्हत कण्हत थांबलं. त्या शांततेत लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण हार आणले होते, पेढेही आणले होते, मग करायचं काय? बाबा थंड लोखंडाला हात न लावताच घरी आले. त्या दिवसापासून ते मुलाशी एक अक्षर बोलले नव्हते.

"दहा मिनिटं थांबला असता तर आभाळ कोसळलं असतं का?" बाबा आता म्हणाले. आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं.

"त्यांना माहीत नव्हतं हो, की नेमकं त्याच वेळी..." सून म्हणाली.

"माहीत होतं. आदल्या दिवशी मीच सांगितलं होतं त्याला."

सुनेने मान खाली घातली. तिलाही हे माहीत होतं. नवऱ्याने रात्र रात्र जागून तिला हेच तर सांगितलं होतं.

एवढ्यात बाळाने मामाचं बोट पकडलं आणि सोडेना. मामाने एका हाताने जेवून बघितलं, जमेना. "भावजी," तो म्हणाला, "एक सांगू का? बोलावून टाका. ही पकड बघा, पोर तुमच्यावरच गेलंय."

"तू आत्ताच माझ्या बाजूने होतास ना?"

"होतो. आता ताटात काही उरलं नाही माझ्या."

आत्या खो खो हसली. आई हसली नाही. आईने आजवर या बाबतीत कधी तोंड उघडलं नव्हतं. चारचौघांत नवऱ्याची बाजू आणि माळ्यावर मुलासाठी साठवलेले लोणच्याचे डबे, असा तिचा कारभार. तिने पदराला हात पुसले आणि थोरलीच्या शेजारी येऊन बसली.

"तुमचं मशीन थांबलं, मान्य," ती म्हणाली. "पण मी त्याच्या ताटाची वाट बघते, त्याचं काय? ते कोणी बंद केलं? त्याने नाही. तुम्ही."

बाबांनी तिच्याकडे असं बघितलं जणू भिंतीतून आवाज आला. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी पंखा मंदावला.

पंखा थांबण्याचं कोणाला काही वाटलं नसतं. पण पाठोपाठ खिडकीच्या काचा गप्प झाल्या. या वसाहतीत काचा सदा गुणगुणत असत, खालच्या पॉवरहाऊसची ती गुणगुण इतकी अंगवळणी पडलेली की तिच्यावाचून इथल्या कुठल्याच बाळाला झोप लागायची नाही असं आई म्हणायची. ती गुणगुण आधी वर चढली, किंचाळल्यासारखी झाली, आणि गेली.

"लोड गेला," बाबा आणि थोरली एकदमच म्हणाले.

थोरली चप्पल अडकवत दाराकडे धावली. तिचा मोबाइल वाजला, सकाळच्या शिफ्टवाल्याचा. तिने ऐकलं, परत म्हटलं, आणि वळून सगळ्यांना सांगितलं. "सगळीकडची गेलीय. आपलीच नाही. सगळ्या भागाची. शहर, कोळशाचं थर्मल, सगळं."

सून बाळाला छातीशी धरून उभी राहिली. "म्हणजे आत्ता ड्यूटीवर ह्यांच्याच डोक्यावर..."

"हो गं. त्याच्याच डोक्यावर," थोरली म्हणाली आणि पायऱ्या उतरली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत तिला मागून ओळखीच्या पावलांचा आवाज आला, एक पाय जरा घासत टाकण्याचा. तिने वळून बघितलं नाही. येऊ नका म्हणायला वेळ नव्हता, आणि म्हटलं असतं तरी ते ऐकणारे नव्हते.

पॉवरहाऊसच्या दारातल्या पहारेकऱ्याने बाबांना सलाम ठोकला. बाबा आत आले, पण कंट्रोल रूमच्या उंबऱ्याशी थांबले. निवृत्त माणसाने आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम त्यांनीच एकेकाळी भिंतीवर लावला होता. बाहेरच्या बाकावर ते हात गुडघ्यांवर ठेवून बसले.

आत बॅटरीवरचे मिणमिणते दिवे तेवढे लागले होते. सकाळच्या शिफ्टवाल्याने थोरलीच्या हाती चार्ज दिला आणि तो वर धरणावर, पाण्याच्या झडपांकडे पळाला. खाली टर्बाइनच्या मजल्यावर एकटा फिटर होता. त्याला सगळे पानाशेठ म्हणत, कारण लग्नाच्या फोटोतही त्याच्या हातात पाना होता. खाली-वर बोलायचा इंटरकॉम केव्हाचा आजारी होता. आज त्याने मान टाकली.

हॉटलाइन वाजली.

"ताई," धाकटा म्हणाला. एरवी तो या फोनवर 'पॉवरहाऊस' म्हणायचा. "ताई, सगळं गेलंय. एकही तार जिवंत नाही."

"तुझी बायको, बाळ इथे घरी आहेत. खुशाल आहेत. तू काम बघ."

त्याने मोठा श्वास घेतलेला ऐकू आला. "मशीन स्वतःच्या बळावर उठेल?"

"उठवते."

"ताई, तुमच्याशिवाय कोणी नाही मला. थर्मलचा बॉयलर गरम आहे अजून, पण त्यांचे पंप, पंखे फिरवायलाच वीज नाही. बॉयलर गार पडला तर उद्यापर्यंत अंधार. इस्पितळांचं डिझेल तोवर पुरायचं नाही."

थोरलीला हे सांगायची गरज नव्हती. कोळशाचं ते अवाढव्य केंद्र, धरणाच्या दसपट वीज काढणारं, पण एकदा विझलं की त्याला स्वतःचं स्वतः पेटता येत नाही. धरणाचं तसं नाही. वर पाणी आहे, खाली चाक आहे. बॅटरीने झडप हलवली आणि जरा चेतवलं की चाललं. शेजारणीच्या चुलीतला निखारा आणून आपली चूल पेटवावी तशी ही दोन केंद्रांची गत. एरवी वर्षभर मोठ्या शेजारणीचाच तोरा असतो, आणि अशा दिवशी ती भांडं घेऊन दारात उभी राहते.

पण एकट्या माणसाने दोन ठिकाणी कसं असायचं? थोरली फोनवर ऐकायची, धावत कठड्याशी जाऊन खाली पानाशेठला ओरडून सांगायची, पुन्हा फोनकडे धावायची. तेलपंपापुरत्या चालणाऱ्या छोट्या डिझेल जनरेटरच्या धडधडीत तिचा आवाज अर्धा खाली पोचायचा, अर्धा हवेत. तरी मशीन फिरलं. काटे हलले. व्होल्टेज आलं.

"आलं रे!" ती फोनमध्ये ओरडली.

"शाब्बास! ताई, आता थर्मलची लाइन चार्ज करायची आहे, पण..."

"हो हो, कळलं," थोरली म्हणाली आणि तिने ब्रेकर टाकून लाइन मशीनला जोडली.

मशीनने एक हंबरडा फोडला. दिवे झुकले, काटे आडवे झाले, आणि धाडकन सगळं बंद. त्या लाइनवर शहर अजून जोडलेलंच होतं, ते सोडवेपर्यंत थांब, असं त्याला म्हणायचं होतं. इतक्या लोकांचे पंखे, पंप, शेगड्या सगळ्या एकदम त्या एकट्या मशीनच्या अंगावर आल्या होत्या.

परक्या माणसाशी बोलताना ही चूक थोरलीच्या हातून मेली तरी झाली नसती. समोर भाऊ होता. त्याचं निम्मं वाक्य ऐकून उरलेलं ओळखायची लहानपणापासूनची सवय होती, आणि त्यालाही तिने मधेच तोडण्याची सवय होती. दोघांनी मिळून घराघरांतला अंधार लांबवला होता.

"परत का म्हटली नाहीस?" दारातून बाबांचा आवाज आला.

"चुकले, बाबा."

"बॅटरी किती आहे?"

तिने बघितलं. "एकदाच उठवता येईल. फार तर."

बाबा उठले. आत आले नाहीत. वळसा घालून जिन्याच्या मधल्या पायरीवर गेले, जिथून वरचं कंट्रोल रूमचं दार आणि खालचा पानाशेठ दोन्ही दिसतात, आणि कठड्याला टेकून उभे राहिले.

"मी इथे उभा राहतो. कशाला हात लावणार नाही. तू जे परत म्हणशील ते मी खाली सांगेन. तू फोन सोडू नकोस."

थोरलीने फोनवर तळहात ठेवला. "बाबा, ऑर्डर त्याची असणार आहे."

"ऑर्डर लोड डिस्पॅचची असणार आहे," बाबा म्हणाले. "घे चल."

थोरलीने फोन कानाला लावला. "पॉवरहाऊस तयार आहे. ऑर्डर द्या."

धाकटाही सावरला होता. त्याने शहर सोडवलं, सोडवल्याची खात्री केली, आणि मग एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "युनिट दोन सुरू करा."

"युनिट दोन सुरू करते," थोरलीने मोठ्याने म्हटलं.

"युनिट दोन सुरू कर!" जिन्यावरून बाबा गरजले. जनरेटर, भिंती, वरचं पाणी, सगळ्यांच्या वर तो आवाज गेला. शिफ्टवर असताना त्यांना कधी इंटरकॉम लागलाच नव्हता.

"सुरू करतो!" खालून पानाशेठ.

मग फोनवर अगदी हळू, "ताई, मागे कोण आहे?"

"मी ऑर्डर परत म्हटलीय," थोरली म्हणाली. "बरोबर का, ते सांगा."

"बरोबर," धाकटा म्हणाला. "एकदम बरोबर."

मशीन उठलं. या वेळी कोणी घाई केली नाही. लाइन रिकामी चार्ज झाली. मग पलीकडे थर्मलवाल्यांनी पहिला पंप लावला आणि मशीनने मान खाली घातली. "पाणी वाढवा." "पाणी वाढवते." "पाणी वाढव!" मशीन सावरलं. दुसरा पंप. पुन्हा मान खाली, पुन्हा पाणी. मग मोठा पंखा. त्याने तर असा हिसका दिला की थोरलीने टेबलाची कड धरली. फ्रिक्वेन्सीचा काटा खाली जात राहिला, थांबला, विचार केल्यासारखा थरथरला आणि वर आला. वरून शब्द यायचा, मधे बाबा, खाली पानाशेठ, आणि पाणी चाकावर. मुलाचा शब्द बापाच्या तोंडून उतरत होता, चुकत नव्हता, अडखळत नव्हता. थोरलीला मधेच रडूही आलं आणि हसूही आलं, पण दोन्हीला वेळ नव्हता.

"थर्मल पेटलं," धाकटा म्हणाला.

"थर्मल पेटलं!" तिने परत म्हटलं. याची गरज नव्हती, पण म्हटलं.

"थर्मल पेटलं रे!" बाबा खाली ओरडले, आणि पानाशेठने पाना लोखंडावर दणादण वाजवला.

पण काम संपलं नव्हतं. थर्मल आपल्या पायावर उभं राहीपर्यंत धरणाने त्याला काखेत धरून ठेवायचं होतं. इस्पितळांची लाइन आली. पाण्याचे पंप आले. रेल्वे आली. शहराचा एकेक तुकडा धाकटा जपून जोडत गेला, बाळाला घास भरवावा तसा, एक गिळला की दुसरा. उन्हं कलली. बाबांचा आवाज घोगरा झाला. पहारेकऱ्याने तांब्या आणून दिला, तेवढ्यापुरते ते थांबले. खुर्ची आणू का विचारल्यावर त्यांनी अशा नजरेने बघितलं की तो निमूट गेला. दरम्यान आई, सून आणि आत्या बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. बाळ झोपलं होतं. भिंतींची गुणगुण परत आली होती ना.

"हा आवाज त्यांचाच ना?" सून आईला विचारत होती.

"दुसऱ्या कोणाचा असणार?" आई म्हणाली. "मला घरात 'चहा दे' म्हणतात तोही याच आवाजात."

शेवटी थर्मलचं दुसरं युनिटही लाइनवर आलं. काटे स्थिर झाले. आता धरणावर भार असा उरलाच नव्हता. थोरलीने वरच्या पाण्याची पातळी बघितली. उन्हाळा होता, तळं आधीच खपाटीला गेलेलं, आणि आजच्या धावपळीत ते आणखी उतरलं होतं. दिवेलागणीला सगळा भाग एकदम वीज मागणार, तेव्हा हेच पाणी हाताशी हवं. उगाच फिरणारं मशीन आता थांबवायला हवं होतं. हे तिला कळत होतं, पलीकडे धाकट्याला तर कळतच होतं.

ऑर्डर येईना.

"पॉवरहाऊस ऐकतंय," ती म्हणाली. "पुढची ऑर्डर?"

"थांब."

ती थांबली. बराच वेळ. "थर्मल स्थिर आहे ना?"

"आहे."

"मग?"

पलीकडे नुसता श्वास. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याला ऑर्डर द्यायची होती, पण त्या ऑर्डरचे शब्द तेच होते. तेच युनिट, तोच फोन, आणि खाली जिन्यावर तेच बाबा. एकदा म्हणून बसला होता, त्याची शिक्षा भोगून झाली नव्हती, आता पुन्हा कसं म्हणणार? पाणी चाललं होतं, आणि तो शब्द त्याच्या घशात अडकला होता.

"काय म्हणतोय?" बाबांनी जिन्यावरून विचारलं.

"काहीच म्हणत नाहीये."

"काहीच कसं म्हणत नाही? तळं दिसत नाही का त्याला? संध्याकाळी लोक दिवे लावतील तेव्हा..." बाबा बोलता बोलता थांबले. त्यांनी थोरलीच्या तोंडाकडे बघितलं. मग खाली फिरत्या मशीनकडे. मग कठडा धरून ते हळूहळू पायरीवर बसले, दिवसभरात पहिल्यांदा.

बाहेरच्या बाकावरून आई उठून दारात आली होती.

"गाढव आहे," बाबा म्हणाले. आवाज फुटला, म्हणून त्यांनी खाकरून पुन्हा म्हटलं, "गाढव आहे पोरगं. फोन इकडे कर जरा. मला देऊ नकोस. नुसता इकडे कर, ऐकू जाईल असा."

थोरलीने रिसीव्हर दाराकडे धरला. वायर ताणली गेली.

"लोड डिस्पॅच!" बाबा पायरीवरूनच म्हणाले. "मी इथला माजी माणूस बोलतोय, तेव्हा हे काही नोंदायचं नाही. त्या दिवशीची ऑर्डर बरोबर होती. सगळीकडे पाऊस होता, मागणी पडली होती, मला तेव्हाही कळत होतं. मीही तुझ्या जागी तेच म्हटलं असतं. मला फक्त वाईट वाटलं. वाईट वाटलं, ते सांगायची लाज वाटली, म्हणून रागावलो. चूक तुझी नव्हती. आता पाणी वाया घालवू नकोस. ऑर्डर दे."

थोरलीने फोन कानाला लावला. धाकटा रडत होता. तो मोठा झाल्यावर ती त्याचं रडणं पहिल्यांदा ऐकत होती. अजूनही तसाच, नाकातून रडायचा. मग त्याने नाक ओढलं.

"युनिट दोन बंद करा."

"युनिट दोन बंद करते."

बाबा कठड्याच्या आधाराने उठले. पण खाली ओरडायच्या आधी ते दोन पायऱ्या उतरले, आणखी दोन उतरले, मशीनच्या मजल्यावर पोचले आणि त्यांनी फिरत्या मशीनच्या अंगावर तळवा ठेवला. पानाशेठने टोपी काढली. बाबा तसेच उभे राहिले, डोळे मिटून, आणि कोणीही त्यांना घाई केली नाही, लोड डिस्पॅचनेसुद्धा. मग त्यांनी हात काढला आणि पानाशेठला साध्या आवाजात सांगितलं, "बंद कर."

मशीन मंदावत गेलं. वरच्या दिव्यांना त्याचं काही नव्हतं. ते आता दुरून येणाऱ्या विजेवर जळत होते, आणि या भागातल्या सगळ्या घरांतलेही.

बाबा वर आले तेव्हा धापा टाकत होते. आईने त्यांच्या घामेजल्या कपाळावर पदर फिरवला आणि सगळ्यांसमोर, कसलीही भीडभाड न ठेवता, त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सुनेने बाळ पुढे केलं. बाबांनी मशीनच्या तेलाने काळे झालेले हात मागे घेतले, तर आत्या म्हणाली, "घे रे, पोर धुता येतं." मग त्यांनी घेतलं.

"त्याची शिफ्ट कधी सुटते?" त्यांनी बाळाकडे बघत विचारलं.

"दिवेलागणीनंतर," थोरली म्हणाली.

"मग जेवायला उशीर होईल म्हणावं. पण आम्ही थांबतो. मामाला सांग, तोवर एकाही भांड्याला हात लावायचा नाही."

थोरलीने फोनवर हे सांगायला तोंड उघडलं, पण सांगावं लागलं नाही. वायर अजून ताणलेलीच होती, पलीकडे सगळं ऐकू गेलं होतं.

"ताई," धाकटा म्हणाला, "मी येतो."